तीन रांगांचा आडोसा

गोदाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात उकिडव्या बसून फरशीवरून बोट फिरवत होत्या. बोट पांढरं झालं. ते त्यांनी पदराला पुसलं नाही. उन्हात धरून बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे किती वाजता जास्त येते?"

"दुपारी दोननंतर. वारा सुटला की."

"म्हंजे मावयतीकून," त्या स्वतःशीच बोलल्या. मावळतीकडून, असं म्हणायचं होतं त्यांना. त्यांच्या तोंडी 'ळ' कधी आलाच नाही. शाळेची शाया व्हायची आणि उन्हाळ्याचा उन्हाया.

आमची शाळा परतवाड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत. मी अमरावतीहून बसने फाट्यापर्यंत यायची आणि तिथून काळी-पिवळी जीपने गावात. शाळेच्या मागे तीनशे पावलांवर गिट्टीची खदान होती आणि तिला लागून क्रशर. दगड फुटून गिट्टी व्हायची आणि जे उरायचं ते हवेत उडून आमच्याकडे यायचं. फळ्यावर लिहिलेलं तासाभरात पुसट व्हायचं. खिचडी शिजवणाऱ्या पार्बताबाई खिचडीच्या गंजावर, मोठ्या पातेल्यावर, ओलं फडकं टाकून ठेवायच्या आणि ते फडकं दर पंधरा मिनिटांनी पिळायच्या. पोरं खोकायची. मीही खोकायची. दोन वर्षं मी अर्ज लिहिले, पोच घेतली, पुन्हा अर्ज लिहिले. शेवटी क्रशरचा परवाना नव्याने करायची वेळ आली तेव्हा वरून अट लागली, की शाळेच्या बाजूने झाडांचा पट्टा हवा, बारा महिने हिरवा राहणारा.

क्रशरचे मालक भगवंतराव. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. मे महिन्यात त्यांनी ट्रकभर अशोकाची झाडं आणली, दोन पुरुष उंचीची, सरळसोट. एका दिवसात दीडशे झाडं उभी केली आणि शाळेत येऊन म्हणाले, "घ्या मॅडम, आता तरी खूश?"

झाडं खरंच छान दिसत होती. आठ दिवस. मग शेंड्यापासून करपत खाली आली. पहिल्या पावसापर्यंत दीडशे काठ्या उरल्या होत्या. पार्बताबाईंनी त्यातल्या बऱ्याच चुलीला लावल्या.

मला नंतर कळलं की भगवंतराव आधी गोदाबाईंच्याच नर्सरीत गेले होते आणि त्यांनी झाडं दिली नव्हती. "मे महिन्यात मी झाड देत नाई" एवढंच म्हणून त्या पाणी घालायला निघून गेल्या होत्या. भगवंतराव चिडले होते. आता तेच त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन आले होते.

गोदाबाई तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. एकोणिसाव्या वर्षी त्या लग्न होऊन धामणगाव रेल्वेकडून परतवाड्याला आल्या. नवरा पुंजाराम सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. त्याच्या मागोमाग त्याही लागल्या. पिशव्यात माती भरायची, बी टोचायचं, तण काढायचं. बावीस वर्षं हेच केलं. कायम कोणी केलं नाही. एक दिवस रोपवाटिका बंद झाली आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. त्या घरी गेल्या नाहीत. गावाबाहेर नाल्याकाठी एकाची पाऊण एकर पडीक जमीन मक्त्याने घेतली आणि तिथे स्वतःची रोपं लावली. गुलाब नाही, शोभेचं काही नाही. मोठी होणारी झाडंच. कुणाला शेजाऱ्याची खिडकी नको असायची, कुणाला रस्त्याची धूळ, कुणाला घरामागचा नाला. गोदाबाई जाऊन जागा बघायच्या आणि कोणतं झाड आड उभं करायचं ते सांगायच्या.

त्या दिवशी त्यांनी क्रशर ते शाळा असं तीन वेळा चालून बघितलं. गुडघे तेव्हाही दुखत असावेत, कारण उताराला त्या आडव्या चालायच्या. मग बांधावर बसल्या. भगवंतराव उभेच होते.

"भाऊ, एक रांग कामाची नाई," त्या म्हणाल्या. "तीन लागतीन. मशीनकडून बकुय, ठेंगणी. मधात पुत्रंजीव. शायेकडून जांभूय, उंच. एकामागं एक नाई लावायची, खांद्याआड खांदा लावायचा. धूय पायऱ्या चढल्यासारखी वर गेली पाह्यजे."

"कडुनिंब काहून नाही?" भगवंतरावांनी विचारलं. "फुकटात मिळते, पटकन वाढते."

"नीम फागणात उघडा होते. करंजही तसाच. तुमची धूय कधी जास्त? फागण, चैत. जेव्हा पाह्यजे तेव्हाच कपडे काढून बसणारं झाड का कामाचं?"

मी सप्तपर्णीबद्दल विचारलं. अमरावतीत आमच्या कॉलनीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होती, उंच, दाट.

"तिचं फूल आलं का वास सुटते, मॅडम. डोकं धरते. इथं आधीच लेकरं खोकून राहिली. अन् अशोक नका सांगू मले. तो उभा राह्यते, पण आडवा होत नाई. त्याच्या बाजूनं सारं निघून जाते."

दुसऱ्या आठवड्यात रोपं आली आणि भगवंतरावांचा चेहरा उतरला. कमरेएवढी रोपं होती.

"एवढूसं? गोदाबाई, मी तपासणीवाल्याले का दाखवू?"

"पानं दाखवा. आडोसा नाई दिसणार."

"आडोसा केव्हा दिसते मंग?"

"पाच वर्षं. सात म्हणा."

"बाप्पा! तोवर माहा परवाना संपून जाईन."

"मोठ्या झाडाची मुयं तोडून आणलेली असतात, भाऊ. तुमी पाहिलं ना आत्ताच. हे लहान हाय, पण आपली मुयं घेऊन आलं."

तीनशे झाडं जुलैत लागली. शाळेकडची जमीन काळी, पावसात चिखल आणि उन्हात भेगा. काळ्या मातीत पाणी थांबतं आणि मुळं कुजतात, म्हणून गोदाबाईंनी आधी मुरूम टाकून हातभर उंच वरंबे घालून घेतले आणि झाडं त्यावर लावली. तरी सप्टेंबरात एका पावसाने मधला वरंबा फुटला. चार दिवस पाणी साचून राहिलं. त्यांना कळलं तेव्हा त्या पहिल्या बसने आल्या आणि दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहून फावड्याने चर काढत राहिल्या. चाळीस पुत्रंजीव गेलेच. दुपारी मी चहा नेऊन दिला. त्या वर येऊन बांधावर टेकल्या.

"मला कळवायला उशीर झाला," मी म्हटलं.

"नाई मॅडम. मीच वरंबा नीट पाहाले पाह्यजे होता." आणि चहा पिऊन पुन्हा उतरल्या.

खरी दमवणूक उन्हाळ्याने केली. मंगळवारी आणि शनिवारी टँकरने पाणी द्यायचं ठरलं होतं. टँकर नितेश चालवायचा. त्याला आणखी चार ठिकाणं करायची असायची. तो रस्त्यावरून दिसणाऱ्या दहा-बारा झाडांना पाणी द्यायचा आणि निघायचा. एप्रिलच्या मध्यात गोदाबाई न सांगता आल्या. एक बारीक काडी घेतली आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी टोचत गेल्या. काडी ओली आली तर पुढे. कोरडी आली तर थांबून पानाला हात लावायच्या आणि मग पुढे. दोनशे साठ झाडं. मला वाटलं, आता भगवंतरावांना फोन होणार, नितेशची खरडपट्टी निघणार. त्यांनी फोन केला नाही. शनिवारी त्या फाट्यावर उतरल्या, नितेशच्या टँकरला हात केला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

नितेश मला नंतर सांगायचा, "मॅडम, थे काही बोलेच ना. नुसती बसून राहे. माणूस शिव्या देते तर बरं वाटते."

तीन उन्हाळे दर मंगळवारी आणि शनिवारी त्या परतवाड्याहून येत राहिल्या. बुडाशी पाणी झालं की पाइप वर धरून पानं धुवायच्या. धूळ बसलेलं पान म्हणजे नाक दाबलेलं माणूस, असं त्यांचं म्हणणं होतं. पाइपच्या मागच्या झटक्याने त्यांचा उजवा खांदा निकामी झाला. मग डाव्या खांद्यावर घ्यायला लागल्या. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात डोक्यावर ओला टॉवेल, पायात पुंजारामचे जुने बूट. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या कुणाला लावा ना या कामाला. त्या म्हणाल्या, "लावलं होतं. पाण्यासारखं पाणी टाकून गेला, झाड नाई पाह्यलं." यात तक्रार नव्हती. खरं तर कशातच त्यांची तक्रार नसायची, आणि हेच मला जड जायचं. मी अर्ज लिहिणारी बाई. मला वाटायचं, कुणी तरी ओरडलं पाहिजे.

मग तो मार्च आला जेव्हा सगळंच बंद झालं. शाळा बंद, क्रशर बंद, बस बंद, टँकर बंद. मी अमरावतीत घरात अडकले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गावावर धूळ नव्हती आणि झाडांना पाणीही नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोदाबाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"मॅडम, पार्बताबाईचा नंबर हाय का तुमच्याजोय?"

"आहे. काय झालं?"

"खदानीत पाणी हाय. खालच्या खड्ड्यात. मी पाह्यलं होतं होयीच्या आधी. बायांनी घागरी आणल्या तर होईन काही. दहा दिवसांतून एक येय पाणी जरी भेटलं ना, तरी मरणार नाईत. आता मोठी झाली थे."

मी नंबर दिला. त्या आणखी पाच मिनिटं बोलल्या. आधी कडेच्या झाडांना द्या, उन्हं खाली गेल्यावर द्या, बुडाशी पाचोळा घाला. मी सगळं लिहून घेतलं आणि पार्बताबाईंना सांगितलं. पार्बताबाई म्हणाल्या, "आमच्याच पोराईच्या छातीतली धूय अडवणार ना थे झाडं? मंग आमी नाई तर कोण?" त्यांनी आठ-दहा बायका गोळा केल्या. तोंडाला पदर बांधून, एकमेकींपासून अंतर ठेवून, खदानीच्या उतरंडीवरून त्या घागरी वर आणायच्या. एप्रिल आणि मे, सहा खेपा झाल्या.

जूनमध्ये मला नितेशकडून कळलं की पुंजाराम गेला. कोणत्या दिवशी, ते मी विचारलं. तो म्हणाला त्यावरून हिशेब केला, तर गोदाबाईंचा फोन मला तो गेल्याच्या चौथ्या दिवशी आला होता. दम्याने गेला. चार माणसांत सगळं उरकलं. मुलगी प्रणाली अकोल्याला दवाखान्यात नर्स, तिला येता आलं नाही.

मी त्यांना फोन केला. काय बोलावं ते सुचेना. म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "तुमी का करणार होत्या, मॅडम? थे झाडाचं तुमी करू शकत होत्या."

त्या उन्हाळ्यात तेवीस झाडं गेली. बाकीची राहिली.

पुढची दोन वर्षं झाडांनीच धाव घेतली. जांभळीचे शेंडे शाळेच्या कौलांवर गेले. पुत्रंजीव असे भरले की त्यातून हात पलीकडे जाईना. बकुळ सगळ्यात सुस्त, पण बुंध्यापासून दाट. एका फेब्रुवारीत दुपारी मी फळ्यावर भागाकार मांडला, तास संपला, आणि पाहते तर अक्षरं तशीच. व्हरांड्यात येऊन उभी राहिले. क्रशरचा आवाज येत होता, क्रशर दिसत नव्हता. पार्बताबाई म्हणाल्या, "मॅडम, गंजावर फडकं टाकायची आठवणच नाई राहिली मले परवापासून." मी गोदाबाईंना फोन करून हे सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढचं पाणी कोणत्या वारी आहे ते विचारलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी खदान संपली. दगड खाली गेला, पाणी वर आलं, परवान्याची मुदतही सरली. भगवंतरावांनी मशीन खोलून तीस किलोमीटरवर दुसऱ्या जागी नेली. पंधरा दिवसांत पत्रे, पट्टे, लोखंड सगळं गेलं. मागे राहिला एक हिरव्या पाण्याचा खड्डा आणि त्याच्यापुढे तीन रांगा झाडं.

मला फार वाईट वाटलं. धूळ गेली याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या बाईने इतकी वर्षं खपून जे उभं केलं, त्याला आता अडवायला काही उरलं नव्हतं. मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्यांच्या नर्सरीत बसलो होतो. निम्म्या वाफ्यांत आता काहीच नव्हतं, कारण जमिनीच्या मालकाने प्लॉट पाडायचं ठरवलं होतं आणि दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायला सांगितलं होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मी अमरावतीत एका वकीलसाहेबाले भिंतीकडून जांभूय लावून देल्ली. त्याले भावाचं घर नव्हतं पाहायचं. सहा वर्षांनी दोघं भाऊ बोलाले लागले. त्यानं अर्धी झाडं तोडून फाटक केलं. मी का करू? मले बरंच वाटलं. झाड लावताना कोणाले माहीत असते, पुढं का होईन?"

"पण तुमचे कष्ट..."

"थे तर गेलेच. थे कशानंच वापस येत नाई." त्यांनी गुडघा दाबत पाय लांब केला. "थकली मी, मॅडम. खरं सांगते. आता झाड पाह्यलं का आधी त्याचं पाणी आठवते."

तेवढ्यात भगवंतरावांची गाडी आली. मला बघून ते जरा ओशाळले. नव्या जागेजवळ चार-पाच घरांची वस्ती होती आणि पट्ट्याची अट तिथेही लागली होती. "दोनशे झाडं पाह्यजेत, गोदाबाई. तशीच, तीन रांगांची. तुमीच लावा. मी दुसऱ्या कोणाचं आयकत नाई आता."

"मशीन सुरू झाली का?"

"झाली ना. महिना झाला."

"मशीनीच्या आधी झाडं लावाले पाह्यजे होती, भाऊ. आता पाच-सात वर्षं त्या लोकायनं का खायाचं? धूय?"

एरवी भगवंतरावांनी हसून विषय बदलला असता, पण त्या दिवशी ते हसले नाहीत. गोदाबाई उठल्या. उठायला त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. उरलेल्या वाफ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे सारे घेऊन जा. एकशे ऐंशी असतीन. मी येणार नाई. माह्या पायात दम नाई राहिला. नितेशले सांगते मी कसं लावायचं थे. त्याले सारं माहीत हाय, शेजारी बसून बसून पाह्यलं त्यानं. अन् मधात पाणी पाहाले बायांना ठेवा, वस्तीतल्या. ज्यायच्या लेकराले धूय लागते त्या पाणी चुकवत नाईत."

नितेशने झाडं नेली. तो खरंच काडी टोचून बघतो, असं भगवंतरावांनीच मला सांगितलं. वस्तीतले लोक अजून धूळ खातात. झाडं यंदा कमरेच्या वर आली आहेत.

अकोल्याला प्रणालीकडे कायमचं जायच्या आधी गोदाबाई एकदा शाळेत आल्या. मार्चचा महिना होता. बाहेर पळस, कडुनिंब, सगळं उघडं पडलेलं, आणि आमच्या मागे तेवढा गर्द हिरवा पट्टा. त्या एका टोकाकडून निघाल्या. वाटेत एका जांभळीच्या खोडात आधाराच्या काठीची जुनी तार रुतली होती. कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्यांनी पार्बताबाईंकडून विळा मागवला आणि बसून, सालीला धक्का न लावता, ती तार तुकड्या-तुकड्याने काढली. अर्धा तास गेला. मग मधल्या रांगेत जाऊन पुत्रंजीवाला पाठ टेकली.

"मी जरा बसते," म्हणाल्या.

मी वर्गावर गेले. तासानंतर आले तर त्या आडव्या झाल्या होत्या, डोक्याखाली पिशवी, पायातले बूट काढून बाजूला ठेवलेले. गाढ झोपलेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या जागी कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. पार्बताबाई त्यांच्या शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी खुणेने घड्याळ दाखवलं, चारच्या काळी-पिवळीची वेळ होत आली होती. पार्बताबाईंनी मान हलवली आणि तांदळातला खडा बाजूला टाकला.

गाडी फाट्याकडे गेल्याचा आवाज आला तेव्हा गोदाबाईंनी डोळे उघडले.

"गेली का जीप?"

"गेली," पार्बताबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या," असं म्हणून त्यांनी कूस बदलली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.